आठवड्याचं वाणसामान, दूध, भाजी : तुमच्या घरी किती लागतात?

दहीभात

भांडुपला राहतो. घरात माणसं चार : मी, नवरा, सासरे आणि आठ वर्षांची लेक. मागच्या महिन्यात जेवताना नवऱ्याने सहज विचारलं, "आपल्याला आठवड्याला घरात किती लागतात गं? तीनेक हजार?"

त्या 'तीनेक'वर मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी लेकीची अर्धी उरलेली वही घेतली आणि चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, सगळं लिहून काढलं.

वाणसामान (धान्य, डाळी, तेल, साखर, चहा) : ७,२००
दूध, रोज दीड लिटर, लिटरला ६९ : २,९००
भाजी आणि फळं : ५,६००
मासळी, चिकन, अंडी : ३,२००
पाव, बिस्किटं, फरसाण : १,३००
साबण, कपड्यांची पावडर, पेस्ट, फिनेल वगैरे : १,७००

बेरीज २१,९००. आठवड्याला ५,४७५. यात गॅस नाही, दळण नाही, हॉटेल नाही, नवरा बाहेर खातो तेही नाही.

वही समोर ठेवली तर म्हणतो, "आपण जास्तच खातो का?" आता तुम्हीच सांगा. मुंबईत चार माणसांना हे जास्त आहे का?

लोकल_८_३५

मीही तीनेकच म्हणालो असतो. बायकोला हा धागा दाखवणार नाही.

मसालेदार

आठवड्याचा हिशोब हीच मुळात आपली पद्धत नव्हे. वाणसामान महिन्याचं, भाजी एक दिवसाआड, दूध रोज, मासळी रविवार-बुधवार-शुक्रवार, आणि मसाला वर्षाचा. मॉलमध्ये ट्रॉली ढकलायला लागल्यापासून 'वीकली' हा शब्द आला.

माझंच घ्या. एप्रिलच्या शेवटी लालबागला जाते. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला, थोडी लवंगी. गल्लीत शिरलं की आधी शिंका, मग भावाची चर्चा. मिरची, खडा मसाला, भाजणं आणि डंकावरचं कांडप धरून गेल्या खेपेला ४,२०० झाले. त्या महिन्यात वही लिहिली असती तर घर बुडालं असं वाटलं असतं. ५२ आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला ८१ रुपये. तुमच्या २८ दिवसांत मसाला, लोणचं, पापड, आगोटीचं (पावसाळ्यापूर्वी भरून ठेवायचं) सामान काहीच आलेलं नाही. म्हणजे खरा आकडा ५,४७५ च्या वरच आहे. नवऱ्याला हेही सांगा.

दहीभात

मसालेदार, हे सांगितलं तर तो जेवणार नाही.

खतावणी

आकड्यांचा धागा आहे म्हणून थोडं अधिकृत. केंद्र सरकारचं घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण असतं. २०२३-२४ च्या फेरीत शहरी भारतात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण भागात ४,१२२. यात घरातला सगळाच खर्च आला. शहरात त्यातला खाण्यापिण्याचा वाटा साधारण ४० टक्के, म्हणजे माणशी २,८०० च्या आसपास. दहीभात यांचा साबण-पावडर वगळून २०,२००, भागिले चार, ५,०५०. तोही २८ दिवसांचा.

तेव्हा सरासरीच्या मानाने, हो, जास्त आहे.

चौथा_माळा

खतावणी काका, त्या सरासरीत मुंबईही आली आणि दोन रस्त्यांचं तालुक्याचं गावही आलं. पाच हजारांत चांगलंचुंगलं खाणारे आले आणि आमच्यासारखेही आले.

आमचं सांगतो. एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनातली) २२५ फुटांची खोली, पाच माणसं. आई दोन घरी स्वयंपाकाला जाते, माझी नोकरी आत्ताच लागलीये. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. म्हणजे भात-चपातीचा मोठा भाग सुटला. पण तेल, डाळ, चहा, साबण हे विकतच. आणि ते आम्ही कसं घ्यायचो ते सांगतो. वाण्याकडे चहाच्या पुड्यांची माळ टांगलेली असते ना, त्यातल्या दोन फाडून घ्यायच्या. शाम्पूचीही तशीच माळ. तेल पाव लिटर, बाटली घरून न्यायची. आईच्या पाकिटात दोन कप्पे होते, एक भाड्याचा आणि दुसरा 'आजचा'. आजच्या कप्प्यात जेवढे असतील तेवढंच सामान.

नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा अर्ध्या किलोचा चहाचा पुडा आणला तेव्हा घरी बसून हिशोब केला. पुड्या-पुड्यांनी तोच चहा आम्हाला चांगलाच महाग पडत होता. आईला सांगितलं तर म्हणाली, "माहितीये मला. पण पुड्याचे पैसे एकदम कोण देणार होतं?"

दहीभात

चौथा_माळा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई परवा अर्धा पाव तेल घेऊन चालल्या होत्या, मी मनात म्हटलं एवढंसं का नेतायत.

एकटा_जीव

अंधेरी, तिघं मित्र एका फ्लॅटमध्ये. आमची वही म्हणजे फोन. दहा मिनिटांत सामान आणणारं अॅप. आठवड्याला माणशी ९०० ते १,१०० जातात आणि घरात कधीच काही नसतं. हे कसं होतं ते एकदा शोधलं. कोथिंबीर हवी होती, १२ रुपयांची. त्यावर हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पाऊस होता म्हणून पावसाचं शुल्क. ते वाचवायला २०० च्या वर जा. म्हणून चिप्स, आइसक्रीम आणि कसलंसं कोरियन नूडल्स. कोथिंबीर शेवटी काळी पडून फेकली.

लोकल_८_३५

एकटा_जीव, आइसक्रीमवर कोथिंबीर फुकट मिळाली असं समजा. भाजीवाल्याने तर फुकट देणं कधीच बंद केलंय.

सुकाबोंबील

आमचा अजून देतो. पण आता 'घ्या ताई' म्हणत नाही, आपण मागितल्यावर चार काड्या अशा देतो की जणू किडनी दिली. आणि मिरच्या वेगळ्या मोजतो.

मसालेदार

फुकट कोथिंबिरीवर वेगळा धागा काढा कुणीतरी. हा पळवू नका.

गल्ला

काउंटरच्या या बाजूने लिहितो. कांदिवलीला आमचं किराणा दुकान, वडिलांपासूनचं. चौथा_माळा यांचं बरोबर आहे. छोट्या पुडीत ग्राहकाला महाग पडतं, पण माळ लावली नाही तर अर्धं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातं.

काही गोष्टी सांगतो, दुकानदार स्वतःहून सांगत नाही अशा.

एक, पुड्यावरचं वजन बघा. तेलाची लिटरची पिशवी म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता बाजारात ८०० ग्रॅमची, साडेसातशेची पिशवी तितकीच फुगलेली दिसते. ठरावीक मापातच पॅक करायचं हे बंधन २०२२ पासून गेलं, त्याऐवजी ग्रॅमला किंवा किलोला काय भाव पडतो तो छापावा लागतो. तो बारीक अक्षरातला भाव वाचणारं गिऱ्हाईक मी आजवर दोनच पाहिलंत, त्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या आल्या की मीच आधी चष्मा लावतो.

दुसरं, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. लोणी-तूप १२ वरून ५. पॅकबंद पनीरवरचा गेलाच. पण कपड्यांची पावडर १८ वरच राहिली. कित्येक बायका माझ्याशी भांडल्या, "पावडर का नाही उतरली?" मी काय करू?

आणि धान्य. जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पॅकबंद डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के आहे, २५ किलोपर्यंत. गोणीतून सुटं मोजून दिलं तर नाही. तेव्हा सुटी डाळ घेताना तोंड वाकडं करू नका.

खतावणी

गल्ला, उत्तम माहिती. तेलाबद्दल एक भर. आपण खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ च्या शेवटी ते १० वर आणलं. चढताना भाव दुसऱ्या दिवशी चढला होता. उतरताना किती दिवस लागले ते गल्ला यांनी सांगावं.

गल्ला

आधी जुना माल संपवावा लागतो साहेब.

लोकल_८_३५

चढताना जुना माल नसतो वाटतं.

कांदेवाडी

गल्ला, लोकल, भांडू नका. महागाईवरून भांडण कसं करतात ते आम्ही पाहिलंय. १९७२ चा दुष्काळ, मी अकरा वर्षांची, गिरगावात चाळीत. रेशनवर लाल मिलो (ज्वारीचाच एक प्रकार) यायचा, अमेरिकेचा. त्याची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि खाल्ली की घशात टोचायची. आई पिठात उकळतं पाणी घालून बघायची, कधी थोडा गहू मिसळायची, पण मिलो तो मिलोच. तेलासाठी, रॉकेलसाठी रांग. मला रांगेत उभी करून आई पाणी भरायला जायची.

मग मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी महागाईविरुद्ध बायकांची समिती केली आणि लाटणं मोर्चे निघाले. आमच्या चाळीतल्या बायका लाटणी घेऊन गेल्या, थाळ्या बडवत. शेजारच्या काकूंनी त्यांचं चांगलं लाटणं नेलं नाही, तुटकं नेलं. "पोलिसांनी घेतलं तर उद्या चपात्या कशाने लाटू?"

किराणा आम्ही अपना बाजारातून आणायचो, नायगावला. त्यासाठी वडील सायकलवर गिरगावातून जायचे.

मसालेदार

कांदेवाडी काकू, तुटकं लाटणं!! वाचून हसले आणि मग आईला फोन केला. ती म्हणाली मिलोचं नाव काढू नकोस.

सुकाबोंबील

मूळ प्रश्नाकडे. दहीभात ताई, तुमची मासळी ३,२०० त्यात चिकन-अंडी पण? मग तुम्ही मासळी खातच नाही, मासळीकडे बघता. आमच्याकडे आठवड्याला बाराशे फक्त माशांचे, तेही पापलेट सोडून. पापलेट आता पाहुणे आले तरच, आणि पाहुणे कोण आहेत ते बघून. बांगडा, मांदेली, बोंबील यावर घर चालतं.

आम्ही इमारतीतली तीन घरं मिळून महिन्यातून एकदा पहाटे भाऊच्या धक्क्यावर जातो. टोपली एकत्र घ्यायची, घरी येऊन जिन्यात वाटे करायचे. सुरमईचं डोकं कोणाकडे, यावरून दर वेळी भांडण. गाडीभाडं धरूनही बाजारापेक्षा स्वस्त पडतं. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, तेव्हा सुकट आणि सुके बोंबील. ते मे महिन्यातच डब्यात. म्हणजे मसालेदार यांचा मुद्दा बरोबर, मेचा खर्च जुलैत पोटात जातो.

एकटा_जीव

पण हे सगळं ठेवता कुठे? आमच्या किचनमध्ये एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागतं.

चौथा_माळा

हाच तर मुद्दा. दहा किलोची गोणी स्वस्त, पण ती गोणी ठेवायची जागा मुंबईत कितीला आहे? आमच्याकडे तांदळाचा डबा म्हणजे लहान भावाचं अभ्यासाचं स्टूल.

मसालेदार

आणि ठेवलं तरी टिकायला हवं. एका मोठ्या दुकानात एकावर एक फुकट म्हणून मी चार किलो रवा आणला होता, जूनमध्ये. घाई होती, भाजून ठेवला नाही. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर रवा चालत होता. त्या फुकट दोन किलोंनी विकतचे दोन किलोही नेले.

गल्ला

पावसाळ्यात महिन्याच्या वर भरू नका, मी माझं नुकसान करून सांगतोय. डाळीला एरंडेल चोळा, रवा-दलिया भाजून ठेवा, डब्याचं झाकण ओल्या हाताने उघडू नका.

दहीभात ताई, तुमची वाणसामानाची यादी टाका बघू. ७,२०० कसे होतात ते सांगतो.

दहीभात

घ्या. कोलम १० किलो, लोकवन गहू १५, ज्वारी ५, तूरडाळ ३, मूगडाळ १, चणाडाळ १, मटकी-चवळी-वाल मिळून २, साखर ४, शेंगदाणे २, पोहे २, रवा १, बेसन १, सूर्यफूल तेल ५ लिटर, शेंगदाणा तेल १, तूप अर्धा किलो, चहा १ किलो, गूळ, मीठ, हळद, हिंग, जिरं-मोहरी, सुकं खोबरं, साबुदाणा (सासऱ्यांचे उपास). दळण वेगळं, गिरणीवाला किलोला ८ घेतो. चपाती रोज, भाकरी आठवड्यातून दोनदा.

कांदेवाडी

तेल सहा लिटर चौघांना? अगं, चार लिटरच्या वर जाऊ देऊ नकोस. डॉक्टरचे वाचतील ते वेगळेच.

दहीभात

काकू, मान्य. नवऱ्याला भजी आवडतात आणि मला तळायला.

गल्ला

तेल ठीक आहे, मी विकणारा माणूस, बोलणार नाही. पण ज्वारी जुळत नाही. किलोच्या पिठात साधारण बारा भाकऱ्या धरा. आठवड्यातून दोनदा म्हणजे महिन्याला नऊ वेळा. तीन मोठी माणसं, लेक खात असेल नसेल, एका वेळी पाच भाकऱ्या. झाल्या ४५. पावणेचार किलो. उरलेली सव्वा किलो कुठे जाते? गिरणीत एवढी घट येत नाही.

लोकल_८_३५

किराणा दुकानात सीआयडी.

दहीभात

अरेच्चा. दर महिन्याला पाच आणते आणि संपते, कधी मोजलंच नाही. बघते.

खतावणी

तोवर एक आठवण. त्याच सर्वेक्षणात शहरी घरांत खाण्याच्या पदार्थांमध्ये सगळ्यात मोठा वाटा ना धान्याचा आहे, ना दुधाचा. पेयं, तयार खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ हा गट एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास आहे. धान्य चार टक्क्यांच्या आतच. दहीभात यांनी नवऱ्याचं बाहेरचं खाणं वहीत धरलेलं नाही, ते धरावं असं सुचवतो.

सुकाबोंबील

खतावणी काकांनी संसारात काडी टाकली.

मसालेदार

आणि फुलपुडी? देवाच्या फुलांचे कुणीच लिहिले नाहीत. आमचा फुलवाला रोज दाराच्या कडीला पुडी अडकवतो, वीस रुपये, महिन्याचे सहाशे. दोन झेंडू, एक जास्वंद, चार दुर्वा आणि बाकी पानंच. मुलगा म्हणतो हे 'आवश्यक' मध्ये येत नाही. सासूबाई म्हणतात त्याचा शाम्पू येत नाही.

कांदेवाडी

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

एकटा_जीव

सगळं वाचून आज गिरणीत जाऊन पीठ आणलं, आयुष्यात पहिल्यांदा. दोन किलो. गिरणीवाल्याने विचारलं "जाड की बारीक?" मी म्हटलं मीडियम. तो हसला. आता चपाती कोणाला येते हा प्रश्न आहे.

चौथा_माळा

डाळीत तुकडे कापून टाक, वरणफळं होतात. गोल असावी लागत नाहीत.

दहीभात

आले. दोन गोष्टी.

पहिली. खतावणी काकांचं ऐकून नवऱ्याच्या फोनमधली देवाणघेवाण काढली, त्याच्यासमोर. २८ दिवसांत ३९ वेळा, एकूण २,३४०. वडापाव, कटिंग, भुर्जीपाव, स्टेशनबाहेरचा ऊसाचा रस. म्हणजे आठवड्याला ५८५ त्याचे एकट्याचे. 'तीनेक हजार' आता तो म्हणत नाही. "ते माझं वैयक्तिक आहे, वहीत घालू नकोस" असं म्हणतो.

दुसरी, ज्वारी. काल कपड्यांच्या मशीनची जाळी साफ करायला काढली, तर आत ज्वारी. काही दाण्यांना चांगले मोड आलेले. आमच्याकडे ज्वारीच्या डब्याजवळ जाणारी माणसं दोन, एक मी. सासऱ्यांच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला तर शिवणीत आणखी सात-आठ दाणे. रोज सकाळी फिरायला जातात, जाताना मूठभर खिशात.

लोकल_८_३५

कबुतरं!! ताई, दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्रीने झाकला, दाणे टाकले तर पाचशे रुपये दंड आहे. तोही वहीत धरा.

दहीभात

तेच विचारलं, कारण आमच्या सोसायटीतही नोटीस लागलीये. तर म्हणाले, "कबुतरांना कोण घालतंय? मागच्या नाल्याजवळच्या झाडावर चिमण्या येतात. अकरा आहेत." मोजलेल्या आहेत!

गल्ला

नुसत्या चिमण्याच कशावरून? खाली कबुतरंही खात असणार.

कांदेवाडी

गल्ला, पुरे आता.

दहीभात

त्यांना वाटलं मी ज्वारी बंद करणार. आज स्वतःच गिरणीत दळण घेऊन गेले आणि येताना मला न विचारता पाव किलो बाजरी आणली, स्वतःच्या पैशांनी. वहीत कुठल्या रकान्यात लिहू ते खतावणी काकांनी सांगावं.

खतावणी

किरकोळ.